उसाच्या फडातली पाखरे : बघावी कशी, फोटो काढावा कसा



या पत्रिकेत बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर नेहमीच लिहिले जाते. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे, पण तो उसाच्या बांधाबाहेरचा नाही. अलीकडे नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयावर, तसेच इकडे मांजरा-तेरणेच्या काठाने, सुटीच्या दिवशी गळ्यात हातभर लांब कॅमेरा अडकवलेली मंडळी दिसतात. मोटारसायकल धुऱ्याला लावायची आणि एका जागी दोन-दोन तास बसायचे. एखादा सालगडी विचारतो, "काय बघू लालाव साहेब?" साहेब म्हणतात, "पक्षी." गडी हसतो आणि औत घेऊन पुढे जातो. त्याच्या औतामागे जे दहा-वीस बगळे चालत असतात, त्यांच्याकडे तो वळूनही बघत नाही, कारण ते रोजचेच आहेत.

खरे म्हणजे आपल्याला पाखरे शिकवायची गरज नाही. मृगाच्या तोंडावर "पेरते व्हा" म्हणणारा पावशा आपल्या घरातल्या लहान पोरालाही ओळखू येतो. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊसकाळ बरा आणि खोलगटात घातली तर बेताचा, असा ठोकताळा म्हातारी माणसे आजही बांधतात. ज्वारी हुरड्यात आली की ढगासारख्या उतरणाऱ्या भोरड्या आणि माळ्यावरून फिरणारी गोफण ही तर आपल्या रब्बीची खूणच. आता माळ्यावर बसलेल्या माणसाचे भोरडीवर प्रेम असण्याचे काही कारण नाही. पण ही गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाहुणी मध्य आशियातून येते आणि तिकडे पिलांना टोळ-नाकतोडे चारते, हे समजले तर तिच्याकडे बघण्याची नजर थोडी बदलेल. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून याच भोरड्यांसाठी दगडविटांची घरटी मुद्दाम बांधून दिली आहेत.

आपल्या भागातील पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी फार जुनी आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली आणि तिचा अहवाल मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या, म्हणजे बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी नांदेड हा संस्थानचा जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. तेव्हाची पद्धत अशी, की पक्षी बंदुकीने पाडायचा, कातडी पेंढा भरून ठेवायची आणि मग नाव ठरवायचे. हातात दुर्बीण आणि पुढे कॅमेरा आला, तेव्हा पाखराचा जीव वाचला. पक्ष्यांना मराठीत घरोघरी नेले ते मारुती चितमपल्ली यांनी. सोलापूरला जन्मलेला हा वनाधिकारी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा करीत हिंडला आणि त्यातून ‘पक्षिकोश’ उभा राहिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले.

फडात काय दिसते

उसाच्या शेतात पक्षी नसतात असा एक समज आहे. उभा ऊस वरून हिरव्या भिंतीसारखा दिसतो, म्हणून तसे वाटते. सकाळी कडेला शांत उभे राहून ऐकावे. पाचटात लहानसा वटवट्या शेपटी उडवीत किडे टिपत असतो. आतून भारद्वाजाचा घुमणारा आवाज येतो. कोणी त्याला कुंभार कावळा म्हणते. त्याला सरळ उडायचा कंटाळा, पण चालत चालत गोगलगायी, अळ्या, उंदरांची पिले फस्त करतो. लागणीला पहिले पाणी सरीतून वाहू लागले की परीट शेपटी हलवीत हजर होतो. हे पाखरू थंडीत हिमालयाकडून खाली येते. काळा शराटी आपली वाकडी चोच ओल्या मातीत खुपसून किडे काढतो.

सर्वांत मोठा मेळा भरतो तो तोडणीला. टोळी फडाच्या एका बाजूने तोडत येते आणि शेवटच्या आठ-दहा सऱ्या उरतात, तेव्हा आतले उंदीर, सरडे, किडे सगळे बाहेर पळू लागतात. हे पाखरांना बरोबर कळते. कोतवाल तारेवर येऊन बसतो, शिक्रा बाभळीत दबा धरतो, आणि वर आभाळात एकाच ठिकाणी पंख फडफडवीत थांबलेली पांढुरकी, लाल डोळ्यांची कापशी दिसते. ती हेलिकॉप्टरसारखी थांबते, खाली बघते आणि पाय सोडून सरळ उंदरावर पडते. शहरातला फोटोग्राफर या एका दृश्यासाठी आठवडाभर हिंडेल. आपल्याकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ते कुठल्या ना कुठल्या फडात रोज चालू असते. फक्त कोयत्याच्या टप्प्यात जाऊ नये, आणि शेवटच्या सऱ्यांतून रानडुक्कर निघाले तर कॅमेरा न सांभाळता आधी स्वतः बाजूला व्हावे.

आता हुमणीची गोष्ट. वळवाचे पहिले पाऊस झाले की दिवस मावळताना भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर जमतात आणि पुढे त्यांच्या अळ्या पावसाळाभर उसाच्या मुळ्या खातात, हे आपण सर्व जाणता. नांगरट केली की या अळ्या उघड्या पडतात. नांगरामागचे गायबगळे, साळुंक्या, कावळे तिथे हवा खायला येत नाहीत. पूर्वी ते बैलांमागे चालत, आता ट्रॅक्टरमागे चालतात. जनावर किंवा यंत्र पुढे चालले की किडा उठतो आणि बगळ्याला कमी श्रमात जास्त खाणे मिळते, एवढा सोपा हिशेब आहे. नांगरट भर दुपारी किंवा रात्री दिव्यावर उरकण्याऐवजी सकाळी केली, तर हे फुकटचे मजूर पूर्ण हजेरी लावतात.

या मजुरांना आपणच विष घालीत आलो, हेही सांगितले पाहिजे. फोरेटचे दाणे मातीत टाकले, वरून पाणी दिले आणि त्यावर निघालेले किडे बगळ्यांनी टिपले, की धुऱ्यावर पांढरी पिसे पडलेली दिसत. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात बंदी आहे. तरीही कोणाच्या आखाड्यावर कोपऱ्यात जुना डबा असेल, तर तो वापरू नये आणि विहिरीजवळ पुरूही नये. तालुका कृषी कार्यालयात विचारून त्याची वासलात लावावी.

उंदरांचा खरा वैरी रात्री निघतो. आपल्या गावोगावच्या पडक्या गढ्या, जुन्या विहिरींचे कोनाडे, बंद पडलेले वाडे येथे गव्हाणी घुबड राहते. बदामाच्या आकाराचे पांढरे तोंड असलेले हे घुबड दिसले की लोक दगड मारतात, घराला अवकळा येईल म्हणतात. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याची चित्रे आपण दिवाळीत बघतो, त्यालाच दगड मारायचा, ही गंमतच आहे. ते उंदीर सगळाच्या सगळा गिळते आणि पचत नाही ते केस-हाडे गोळा करून तोंडाने बाहेर टाकते. गढीच्या भिंतीखाली अशा काळपट गोळ्या सापडतात. एक गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलून बघा, आत उंदरांच्या कवट्या निघतील. किती निघाल्या ते मोजा, म्हणजे एका रात्रीचा हिशेब हातावर येईल. मलेशियात ताडतेलाच्या मळ्यांतून आणि इस्रायलमध्ये शेतांतून या घुबडासाठी लाकडी पेट्या बसवतात. आपण उंदराला औषध घालतो तेव्हा अर्धमेला, मंद झालेला उंदीर पकडणे घुबडाला सोपे जाते आणि तेच विष त्याच्या पोटात जाते. फडात औषध टाकल्यावर मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये.

बघावे कसे

पक्षी बघायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. उजाडल्यापासून पहिले दोन तास आणि मावळतीआधीचा एक तास, एवढेच खरे. दुपारी पाखरू सावलीला असते आणि आपणही असावे. कपडे मळकट, मातीच्या रंगाचे घालावेत. पांढरा शुभ्र सदरा आणि डोक्याला भगवा किंवा गुलाबी फेटा लग्नात शोभतो, तळ्याच्या काठी नाही. पाखराकडे सरळ चालत जाऊ नये, तिरके-तिरके जावे आणि मधूनमधून थांबावे, जणू आपले लक्ष दुसरीकडेच आहे.

येथे शेतकऱ्याला एक मोठी सवलत आहे. चालत येणाऱ्या माणसाला पाखरू भिते, पण बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला भीत नाही. ज्या तळ्याच्या काठी पायी गेल्यावर सगळे शेकाटे आणि तुतवार उडून जातात, तिथेच बैलगाडीतून गेलो तर ते चरत राहतात. बाहेरचे लोक हिरव्या कापडाचे लपण उभारतात. आपल्याला ज्वारीतला माळा, कडब्याची गंजी किंवा थांबलेला ट्रॅक्टर पुरतो.

दुर्बीण घ्यायची झाल्यास तिच्यावर ८ × ४० असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्याने आठपटीची घ्यावी. जास्त पटीची हातात हलते आणि पाखरू सापडेपर्यंत उडून जाते.

सोबत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले, काय करीत होते. नाव ठाऊक नसेल तर आकार लिहावा : चिमणीएवढे, साळुंकीएवढे, कावळ्याएवढे. चोच कशी, शेपूट कशी, पाय कोणत्या रंगाचे. घरी आल्यावर पुस्तकात बघावे. हा उद्योग फावल्या वेळचा वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो.

ज्यांची वये आज पन्नासच्या पुढे आहेत, त्यांनी गावकुसाबाहेर मेलेल्या जनावरावर तुटून पडलेली गिधाडे पाहिली आहेत. मग ती दिसेनाशी झाली. कधी झाली, हे आपल्यापैकी कोणालाही सांगता येत नाही, कारण कोणी मोजली नव्हती. राजस्थानात भरतपूरला बीएनएचएसचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९९० च्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा संख्या झपाट्याने घसरल्याचे लक्षात आले आणि शोध सुरू झाला. कारण निघाले जनावरांना टोचायचे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. ते औषध अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. वहीत लिहिलेल्या आकड्यांमुळे एवढे तरी झाले. आज अशाच नोंदी हजारो लोक मोबाइलवर ‘ई-बर्ड’ या सोयीतून करतात आणि त्यांवरूनच २०२३ साली भारतातील ९४२ जातींच्या पक्ष्यांचा लेखाजोखा तयार झाला. त्यात माळरानावरचे पक्षी आणि शिकारी पक्षी घटत असल्याचे स्पष्ट दिसते. शेतातून केलेल्या नोंदीला त्यात मोल आहे, आणि ती आपल्याशिवाय दुसरे कोण करणार?

फोटो काढावा कसा

ज्याच्याकडे साधा मोबाइल आहे त्याने दुर्बिणीच्या एका डोळ्याला मोबाइलचे भिंग टेकवून बघावे. दोन-चार दिवसांच्या सरावाने ओळखण्याजोगा फोटो येतो. कॅमेरा असेल तर लांब पल्ल्याचे भिंग लागते, निदान ३०० मिलिमीटरचे. ते महाग असते, म्हणून ऊसबिलाच्या भरवशावर घेऊ नये. आधी वर्षभर नुसते बघावे, आवड टिकली तर पुढचे.

सूर्य आपल्या पाठीशी असावा. सकाळचे तिरपे ऊन पाखराच्या डोळ्यात चमक आणते. डोळा स्पष्ट आला पाहिजे, बाकीचे थोडे पुसट आले तरी चालते. उभ्याने खाली बघत काढलेल्या फोटोत पाखरू बिचारे दिसते. जमिनीवर आडवे होऊन त्याच्या उंचीवरून काढला, तर तोच तुतवार रुबाबदार दिसतो. उडणारा पक्षी घ्यायचा असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेग ठेवावा आणि पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवीत राहावे. पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो निघत, त्यामुळे माणूस विचार करून बटण दाबी. आता दिवसाला हजार निघतात आणि त्यांतला एकही वहीत न लिहिता पडून राहतो, अशी तऱ्हा आहे. धरणाच्या भिंतीवर किंवा दरवाजांजवळ फोटो काढायचा असेल तर पाटबंधारे खात्याच्या माणसाला आधी विचारावे.

शिकायला सुगरणीसारखा विषय नाही. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला तिची घरटी लोंबतात, बहुधा पूर्वेच्या अंगाने, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या झडीचा मारा कमी बसतो. घरटे विणतो तो नर. गवताच्या, उसाच्या पात्याची कड चोचीने धरून लांब दोरा काढतो आणि गाठी मारीत विणतो. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला या पाखरांचे तासन्‌तास निरीक्षण केले. नर घरटे अर्धे करून थांबतो, माद्या येऊन तपासतात, पसंत पडले तर एखादी राहते. मग नर ते पुरे करून देतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो, असे त्यांना दिसून आले. नापसंत पडलेले अर्धवट घरटे तसेच लोंबत राहते. आपल्या विहिरीवर खुर्ची टाकून हे सगळे पाहता येते.

पण एक पथ्य पाळलेच पाहिजे. अंडी-पिले असलेल्या घरट्याजवळ कॅमेरा नेऊ नये. फोटो नीट यावा म्हणून आडवी फांदी तोडणारे लोक आहेत. सावलीची फांदी गेली, की मे महिन्यातल्या आपल्या उन्हात पिले तासाभरात मरतात, नाहीतर कावळ्याला वाट मोकळी होते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हाही तसलाच प्रकार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा आणणेही येते. बाहेरून आलेला पाहुणा आपल्या शेतात असे करीत असेल तर त्याला अडवायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

ऊस आणि माळ

यापुढची गोष्ट साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना जरा अवघड जाते, पण ती आपल्या शेजारचीच आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. मीटरभर उंचीचा हा भारदस्त पक्षी उघड्या गवताळ माळावर राहतो, जमिनीवर एकच अंडे घालतो. पुढे उजनीचे पाणी आले, माळ फुटले, ज्वारी-करडईच्या जागी ऊस उभा राहिला. माळढोकाला चहूकडे नजर पोचेल असा माळ लागतो, उसाच्या भिंतीत त्याचे काही चालत नाही. आज नान्नजला तो दिसणे जवळजवळ संपले आहे आणि साऱ्या देशात दीडशेच्या आसपासच उरले असल्याचे जाणकार सांगतात.

ऊस लावणारा शेतकरी यात गुन्हेगार ठरत नाही, त्याला पोट आहे. पण आपल्याकडे बालाघाटच्या डोंगरसपाटीवर, औसा-निलंग्याकडे, अजून मुरमाड माळ शिल्लक आहेत. तिथे चंडोल आहेत, धाविक आहेत, पखुर्ड्या आहेत. अशा मुरमावर बोअरच्या पाण्यावर ऊस नेण्यात शेतकऱ्याचाही फायदा नसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. पाणपक्ष्यांसाठी रेल्वे येत नाही. माळाचा तुकडा कुरणाला राखला तर वैरणही मिळते आणि चंडोलाचे गाणेही.

तोडणीनंतर पाचट पेटवण्याबद्दल शेतकी खाते दरवर्षी सांगतेच. ओल टिकते, सेंद्रिय खत मिळते, हे सगळे खरे. त्यात एवढीच भर घालतो, की चारी बाजूंनी एकदम पेटवलेल्या फडातून तित्तर, लावा आणि भारद्वाजाची पिले बाहेर येत नाहीत. ज्याला जाळायचेच आहे असा हट्ट असेल, त्याने निदान एक बाजू मोकळी सोडावी आणि आधी फडातून एक चक्कर मारावी.

टिटवीची अंडी नांगरटीच्या किंवा सुरू लागणीच्या रानात हमखास सापडतात. चार असतात, ढेकळाच्या रंगाची, टोके आत केलेली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की औत थांबवून खाली बघावे. अंडी उचलून बांधावर ठेवू नयेत, ती परत तिथे बसत नाही. जागेच्या दोन्ही अंगांना हातभर अंतरावर चिंधी बांधलेली काठी रोवावी आणि तेवढे वळण सोडून तास काढावा. साधारण चार आठवड्यांत पिले फुटतात आणि अंग वाळले की त्याच दिवशी पायाने चालू लागतात. मग काठ्या काढून राहिलेले वळण वखरून घ्यावे. काठ्या कशासाठी रोवल्या आहेत हे ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला आणि पाणी देणाऱ्या गड्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.